सीमाभागातला लघुप्रबंध: टायपिंग, तळटीपा, संदर्भसूची. कोण काय वापरतंय?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. एमए मराठीचं शेवटचं वर्ष आहे. लघुप्रबंधाचा विषय सीमाभागातली ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं: कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी. दीड वर्ष गावोगाव फिरून स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, अध्यक्षीय भाषणं जमवली. १४० पानं हातानं लिहिली आणि एका डीटीपीवाल्याकडे टायपिंगला दिली. त्यानं ती युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये केली, हे मला तेव्हा कळलंच नाही.

फाइल सरांना पाठवली. त्यांच्या संगणकावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली. सगळी १४० पानं तशीच. शेवटी कागदावर छापून नेऊन दिली. सर म्हणाले, दुसऱ्या प्रकरणात चार पानं वाढव. ती वाढवली तर ९६ तळटीपांपैकी निम्म्यांचे आकडे चुकणार, कारण त्या डीटीपीवाल्यानं पानाखाली हातानं टाईप केल्यात. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडेही तसेच. त्यात काही ठिकाणी कन्नड अवतरणं आहेत, ती त्यानं नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) केलीत.

जमा करायला पाच आठवडे आहेत. सगळं पुन्हा टाईप करू की आहे त्यातून वाट निघेल? मित्र म्हणतो, संदर्भसूची एआयकडून करून घे, दोन मिनिटांत होते. मन धजत नाही. घरी जुना लॅपटॉप आहे, पावसात लाईट जाते, नेट फोनवरचंच. जाणकारांनी सांगा.

काकतीवेस

मलप्रभाकाठ, पुन्हा टाईप करू नकोस. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दरवर्षी एक-दोन मुलं याच अडचणीत माझ्यासमोर बसलेली असतात. अंगावर काटा येतो, कारण चूक मुलांची नसते. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी नेमकं काय झालंय ते समजून घे. जुन्या फॉन्टमध्ये संगणक ‘क’ हे अक्षर साठवत नाही. तो कुठल्यातरी इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवतो आणि त्या क्रमांकावर ‘क’चं चित्र काढतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर चित्र निघून जातं आणि खालचं चिन्ह उघडं पडतं. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी अक्षर टिकतं. जुन्या फॉन्टमधल्या मजकुरात शोध घेता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, आणि विद्यापीठाच्या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यात मराठी दिसत नाही.

डीटीपीवाल्याकडून दोन गोष्टी मागून घे: मूळ फाइल आणि फॉन्टचं नेमकं नाव. त्या फॉन्टसाठीचा युनिकोड परिवर्तक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन, शोध. पण मजकूर त्यात घालण्याआधी कन्नड अवतरणं बाहेर काढ. मराठी फॉन्टच्या हिशेबानं चालणारा परिवर्तक नुडीतल्या मजकुराचं काहीतरी भलतंच करतो. प्रत्येक कन्नड अवतरणाच्या जागी ‘कन्नड १’, ‘कन्नड २’ अशी खूण ठेव आणि नंतर ती अवतरणं युनिकोड कन्नडमध्ये ताजी टाईप करून खुणेच्या जागी बसव.

परिवर्तनात काही जागा हमखास मोडतात. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, म्हणजे ‘वर्ष’चं ‘र्वष’ होतं. पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘श्र’, ‘ॲ’ ही सगळी डोळ्यांत तेल घालून बघायची. एकट्यानं वाचू नकोस. हाताने लिहिलेली प्रत एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून चालायचं. १४० पानांना तीन-चार संध्याकाळी लागतील. कन्नड अवतरणांना कन्नड माध्यमातला मित्र बसव.

इथून पुढचं टायपिंग स्वतः शीक. इन्स्क्रिप्ट कळफलक घे. सगळ्या भारतीय लिप्यांना त्याची मांडणी एकच आहे. मराठी ‘क’ ज्या कळीवर, कन्नड ‘क’ही त्याच कळीवर, इंग्रजी के च्या जागी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. आपल्या भागातल्या मुलाला एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा येतात. रोज अर्धा तास दिलास तर तीन आठवड्यांत हात चालेल.

काकतीवेस

तळटीपांचं वर राहून गेलं. वर्डमध्ये शब्दापुढे कर्सर ठेवून कंट्रोल, आल्ट आणि एफ एकत्र दाब. तळटीप उघडते आणि आकडा आपोआप पडतो. मधे नवी घातलीस की पुढचे सगळे आकडे स्वतःहून सरकतात. हातानं टाईप केलेल्या ९६ टीपा एकेक करून कापायच्या आणि अशा पद्धतीनं घालायच्या. टीपेमागे तीन मिनिटं धर, पाच तासांचं काम आहे. लाईट असेल त्या रात्री बसून टाक.

प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ आणि पोटशीर्षकांना ‘हेडिंग २’ दे. ठळक करणं आणि अक्षर मोठं करणं म्हणजे हेडिंग नव्हे. संगणकाला त्यातून काहीच कळत नाही. हेडिंग दिली की अनुक्रमणिका एका क्लिकवर बनते आणि एफ-९ दाबलं की पानांचे आकडे ताजे होतात.

एक बारकी गोष्ट. वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा साठवला जातो. फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ नावाचा रकाना असतो, बदल तिथे करायचा. मराठी आणि कन्नड एकाच पानावर नीट दिसायला निर्मला यूआय चालतो, त्यात दोन्ही लिप्या आहेत. छापील रूप हवं असेल तर नोटो सेरिफची देवनागरी आणि कन्नड जोडी फुकट मिळते.

तिसरं_गेट

इंजिनिअरिंगवाला आहे, मराठीचा प्रबंध केलेला नाही. आमच्याकडे अहवाल लेटेकमध्ये करतात, म्हणजे खुणा घालून मजकुराची छपाईजोगी मांडणी करणारं सॉफ्टवेअर. त्यातलं झीलेटेक आणि पॉलिग्लॉसिया वापरून मराठी-कन्नड दोन्ही छान छापता येतं, तळटीपांचा त्रास शून्य. पण पाच आठवड्यांत शिकून प्रबंध करायचा म्हणशील तर नको. काकतीवेस सरांनी सांगितलंय तेच कर.

ग्रंथपाल_ताई

दादा, विषय ऐकूनच आनंद झाला. या संमेलनांचं साहित्य घराघरांतल्या ट्रंकांत पडून आहे, ते कुणीतरी नोंदवायलाच हवं होतं.

मी संदर्भांपुरतं बोलते. झोटेरो घे, संदर्भ साठवून सूची बनवून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००६ पासून आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासकेंद्रात तयार झालेलं, म्हणजे आपल्यासारख्या कागदपत्रांत बसणाऱ्या माणसांनी केलेलं. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हीला जोडता येतं आणि नेट नसतानाही चालतं, फक्त फाइली लॅपटॉपवर असाव्यात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप येते, पण मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्यावर विसंबू नकोस. बरेचदा नाव रोमन लिपीत येतं, कधी प्रकाशकाच्या जागी भलतंच. पुस्तक समोर ठेवून देवनागरीत दुरुस्त करायचं. तुझ्या स्मरणिकांना तर आयएसबीएनच नाही. त्या हातानं भर: नाव, संपादक किंवा मंडळ, गाव, साल, पानं. मुखपृष्ठाचा आणि आतल्या पानाचा फोटो त्याच नोंदीला जोडून ठेव. स्मरणिका कुणाच्या घरी पाहिली, तेही टीपेत लिही. परीक्षकानं विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

नावांकडे नीट लक्ष दे, इथे आपल्या भागातली मुलं फार अडकतात. झोटेरोत आडनाव आणि नाव असे दोन रकाने आहेत. द. रा. बेंद्रे सोपे: आडनाव बेंद्रे. पण यू. आर. अनंतमूर्ती घे. ‘यू’ म्हणजे उडुपी, ‘आर’ म्हणजे राजगोपालाचार्य हे वडिलांचं नाव. अनंतमूर्ती हे त्यांचं स्वतःचंच नाव, आडनाव नाहीच. तरी सूचीत ते ‘अ’खाली जातात, कारण आद्याक्षरं पुढे येत नाहीत. बऱ्याच कन्नड लेखकांची आद्याक्षरं अशी गावाची आणि वडिलांची असतात. संमेलनाचं मंडळ किंवा टोपणनाव असेल तर दोन रकाने मोडून एकच करण्याची सोय आहे, ती वापर. नाहीतर ‘साहित्य संघ, अमुक’ असं उलटसुलट छापलं जातं.

गावाचं नाव मुखपृष्ठावर असेल तेच लिही. जुन्या पुस्तकावर ‘बेळगाव’ असेल तर बेळगाव, २०१४ नंतरच्या सरकारी प्रकाशनावर ‘बेळगावी’ असेल तर बेळगावी. आपल्या मनाचं एकसारखं करायचं नाही. शोध घेताना मात्र दोन्ही रूपं, इंग्रजीतली जुनी-नवी दोन्ही आणि कन्नड लिपीतलं एक, असं सगळं टाकून बघ. एका नावावर शोध थांबवला तर अर्धं साहित्य हातून जातं. इतकी मुलं ‘काहीच मिळालं नाही’ म्हणून परत येतात, आणि कारण एवढंच असतं.

जुने प्रबंध हवे असतील तर राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधी इथली महाविद्यालयं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, म्हणून तिथल्या ग्रंथालयातही विचार. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत. कोल्हापूरचे, धारवाडचे दोन्ही बघ. त्यातले काही नुसते स्कॅन आहेत, आत शब्द शोधता येत नाही, पानं चाळावी लागतात.

मलप्रभाकाठ

ताई, सर, मनापासून आभार. झोटेरो उतरवून घेतलं. एक विचारतो: मराठी पुस्तकापुढे ते इंग्रजीत ‘एट ऑल’ आणि ‘पीपी’ छापतंय. आणि गाईड सरांना सूची मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन भागांत हवी आहे.

ग्रंथपाल_ताई

ते अगदी शेवटी. प्रबंध पूर्ण झाला की फाइलची प्रत काढ, मूळ जपून ठेव. प्रतीत झोटेरोच्या पट्टीवर ‘अनलिंक सायटेशन्स’ आहे, ते दाब. आता तो साधा मजकूर झाला. मग शोधून बदल: ‘व इतर’, ‘पृ.’. सूचीचे तीन भागही तेव्हाच हातानं पाड. आधी केलंस तर झोटेरो पुढच्या खेपेला सगळं पूर्ववत करेल.

निपाणीकर

धागा वाचून राहवलं नाही. माझं समाजशास्त्राचं काम निपाणी भागातल्या बिडी कामगार बायकांवर आहे. मुलाखती फोनवर रेकॉर्ड केल्या. त्या कागदावर उतरवायच्या म्हणजे डोंगर. गूगल डॉक्समध्ये मराठी आवाजी टायपिंग आहे, त्यात मी रेकॉर्डिंग ऐकत स्वतः पुन्हा बोलत गेले. थेट रेकॉर्डिंग लावलं तर मागचा गलका, पत्र्यावरचा पाऊस, सगळं मिसळतं. विरामचिन्हं नंतर हातानं घातली. तासाभराची मुलाखत आधी दीड दिवस घ्यायची, आता अर्ध्या दिवसात होते.

पण एक इजा झाली ती सांगते, कारण ती मला महिनाभर कळली नव्हती. बाई म्हणाल्या होत्या, ‘काय करूलालोय म्हणून कोण इचारतंय?’ कागदावर आलं, ‘काय करतोय म्हणून कोण विचारतंय?’ यंत्रानं बाईंची बोली पुसून पुस्तकी मराठी ठेवली. वाचायला नीट वाटलं म्हणून मी पुढे गेले. ‘हाय’चं ‘आहे’, ‘न्हाई’चं ‘नाही’. अकरा मुलाखती पुन्हा ऐकाव्या लागल्या. ज्या बायकांचा आवाज नोंदवायला म्हणून गेले होते, त्यांचाच आवाज गेला होता. आता आपोआप दुरुस्ती बंद ठेवते, लाल रेघांकडे बघत नाही, आणि बोलीतले शब्द स्वतःच्या शब्दकोशात भरत जाते. साडेतीनशेच्या वर झालेत. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, हीच यादी परिशिष्ट म्हणून जोड.

दुसरी गोष्ट भाषांतराची. दोघी बायका कन्नडमध्ये बोलल्या. एकीचं वाक्य: ‘नावु बीडी कट्टतीवि.’ भाषांतराच्या ॲपनं दिलं, ‘आपण बिड्या वळतो.’ कन्नडमध्ये ‘नावु’ एकच. मराठीत ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावं लागतं. त्या बाई माझ्यासमोर बसून त्यांच्याबद्दल सांगत होत्या. ‘आपण’ म्हटलं की मीही बिड्या वळणाऱ्यांत आले. एका शब्दानं मुलाखतीतलं अंतरच मिटलं. ‘आम्ही’ केलं. तेव्हापासून कन्नड वाक्य आधी मूळ लिपीत लिहिते, खाली माझं भाषांतर देते, आणि भाषांतर माझं आहे असं कंसात सांगते. ॲप फक्त अडलेल्या शब्दापुरतं.

काकतीवेस

निपाणीकर, ही ‘नावु’ची गोष्ट मी वर्गात सांगणार. परवानगी गृहीत धरतो.

शहापूरचा_वाचक

एआयबद्दल सगळे घाबरून का बोलतात? मी कॉमर्सचा. मराठी माध्यमातून आलो, बीकॉमला सगळं इंग्रजीत. प्रोजेक्टचा सारांश मी मराठीत लिहितो आणि चॅटजीपीटीकडून इंग्रजी करून घेतो. विचार माझा, आकडे माझे. हे नसतं तर मी पास झालो नसतो. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलांना घरात इंग्रजी मिळतं, आम्हाला कुणी दिलं? हे हत्यार आमच्यासाठी आहे.

काकतीवेस

तुझं म्हणणं मला पटतं, आणि ते जोरात सांगितलंस हे बरं केलंस. भाषेच्या भिंतीवर डोकं आपटणारी मुलं मी तीस वर्षं बघतोय. तुझ्या विचाराला इंग्रजी कपडे मिळत असतील तर मिळू देत. तुझ्या विभागाचा नियम विचार, चालत असेल तर मनोगतात स्पष्ट लिही की सारांशाच्या इंग्रजीसाठी हे वापरलं. लपवायचं नाही.

संदर्भसूचीचं वेगळं आहे, तिथे मी हट्टानं नाही म्हणेन. गेल्या वर्षी एका मुलीनं अशीच चॅटबॉटकडून सूची आणली. बावीस पुस्तकं. लेखक खरे, प्रकाशनसंस्था खऱ्या, सालं पटण्यासारखी. त्यातली नऊ पुस्तकं कुणी लिहिलेलीच नाहीत. ती दोन दिवस शहरातली वाचनालयं पालथी घालत होती आणि माझ्यासमोर रडली. ही यंत्रं पुढचा शब्द कुठला शोभेल ते सांगतात. पुस्तक कपाटात आहे की नाही हे त्यांना ठाऊक नसतं. मराठीबाबत तर आणखी जपायला हवं, कारण त्यांनी वाचलेलं मराठी इंग्रजीच्या मानानं थोडं आहे.

नियमही माहीत असू दे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम २०१८ चे आहेत, एमएच्या लघुप्रबंधालाही लागू. १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के आलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला सुधारित प्रबंध देण्यावर वर्षभर बंदी. ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत, नाव देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यांत धरत नाहीत. म्हणून मलप्रभाकाठ, भाषणांतले उतारे घेताना अवतरणचिन्ह आणि तळटीप दोन्ही हवंच.

हिंडलगा_रोड

आणि उलट झालं तर? माझ्या बहिणीनं स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधावर ‘हे एआयचं आहे’ असा शेरा आला. कुठल्यातरी वेबसाइटनं ८० टक्के दाखवलं म्हणे. पोरीनं आठवडाभर जेवण टाकलं.

काकतीवेस

फार वाईट वाटलं वाचून. त्या टक्केवारीवर कुणाही विद्यार्थ्याला दोषी धरू नये, मी स्टाफरूममध्येही हे भांडून सांगतो. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं ओळख-साधन २०२३ च्या जुलैमध्ये मागे घेतलं आणि कारण दिलं ते अचूकता कमी असल्याचं. बेतानं, साधी, पाठ केल्यासारखी इंग्रजी लिहिणारी आपली मुलं यात जास्त सापडतात.

बहिणीला सांग, गूगल डॉक्समध्ये लिही. त्यात ‘व्हर्जन हिस्टरी’ असते. कुठल्या दिवशी कुठलं वाक्य लिहिलं, कुठलं खोडलं, सगळं तारीखवार दिसतं. वर्डमध्ये लिहीत असेल तर रोजची फाइल तारीख घालून वेगळी ठेवायची. हातानं काढलेली टिपणं फेकायची नाहीत. शिक्षकांसमोर ती वही उघडून बसलं की बोलणं वेगळं होतं. तुम्ही असाल तिथे मी सोबत यायला तयार आहे, व्यक्तिगत निरोप करा.

मलप्रभाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय.

परिवर्तक मिळाला. कन्नड अवतरणं ३१ निघाली, ती बाहेर काढली. माझी आई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं वही वाचली, मी पडद्यावर बोट ठेवलं. पाच संध्याकाळी लागल्या, त्यातल्या दोन कंदिलावर, लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत. रफार बहुतेक जागी सरकलेला होता. ‘अध्यक्षीय’ शब्दात ‘क्ष’ फुटला होता, आणि तो माझ्या प्रबंधात शेकडो वेळा आहे. एकदम शोधून बदलला. आई मधेच थांबून म्हणाली, ‘ह्या बाईचं भाषण मी ऐकलंय की, येळ्ळूरला, तू पोटात होतास.’ ते वाक्य मी टिपून ठेवलंय.

तळटीपा ९६ होत्या, आता ११२ झाल्यात. चार पानं वाढवली, एकही आकडा हातानं बदलला नाही. सरांनी फाइल त्यांच्या संगणकावर उघडली आणि नुसतं ‘दिसतंय’ म्हणाले. मला भरून आलं.

एकच अडलंय. उचगावच्या एका निमंत्रणपत्रिकेवर वार आणि तिथी आहे, साल नाही. अध्यक्षांचं नाव आहे. झोटेरोत सालाचा रकाना रिकामा ठेवलाय. अंदाजानं भरायचा नाही.

ग्रंथपाल_ताई

अंदाजानं नकोच. वार, तिथी आणि महिना असेल तर जुन्या पंचांगांतून दोन-तीन सालं उरतील, मग वर्तमानपत्रांचे बांधीव अंक चाळू. संमेलनाची बातमी छापून आलेली असणार. आमच्या वाचनालयात काही वर्षांचे आहेत. शनिवारी दहाच्या बसनं ये, येताना पत्रिका घेऊन ये. अंक काढून ठेवते.

निपाणीकर

शनिवारी मीही बेळगावात आहे. दोघं मिळून चाळू, लवकर होईल.